अतिशीत अणूंच्या जोड्या आणि बंगळुरूचा 'रॅशबॉन'

द्रवरूप हेलियम सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअसच्या खाली नेला, की तो भांड्याच्या कडा चढून बाहेर येतो आणि अतिसूक्ष्म छिद्रांतूनही घर्षणाविना वाहतो. १९३८ मध्ये उघडकीस आलेल्या या गुणधर्माला अतिप्रवाहिता म्हणतात. दिंडीतील वारकरी एकाच ठेक्यावर पावले टाकतात, तसे या अवस्थेत असंख्य अणू एकदिलाने वागतात.

जोडी का हवी?

सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून ओळखले जाणारे 'बोसॉन' कण एकाच अवस्थेत सहज एकत्र येतात. १९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमच्या अतिशीत वायूत हे प्रत्यक्ष दिसले. 'फर्मिऑन' वर्गातील दोन कण मात्र एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. त्यांना आधी जोडी जमवावी लागते. जोडी बोसॉनसारखी वागते. अतिसंवाहक धातूंत इलेक्ट्रॉन हेच करतात. २००४ मध्ये डेबोरा जिन यांच्या गटाने पोटॅशियमच्या अणूंत अशा जोड्यांचे संघनन घडविले. पुढच्याच वर्षी एमआयटीत लिथियमच्या वायूत भोवऱ्यांची नियमबद्ध रचना दिसली आणि अतिप्रवाहितेचा पुरावा मिळाला.

लेसरची किमया

कणाचे परिवलन, म्हणजेच 'स्पिन', आणि त्याची गती परस्परांशी निगडित असणे म्हणजे स्पिन-कक्षा युग्मन. घन पदार्थांतील इलेक्ट्रॉनांत ते निसर्गतःच असते. विद्युतभाररहित अणूच्या एकूण गतीत ते नसते, म्हणून कृत्रिमरीत्या निर्माण करावे लागते. अणू एका लेसर झोतातून प्रकाशकण शोषून दुसऱ्या झोतात सोडतो. त्याला धक्का बसतो आणि त्याच क्षणी त्याची स्पिन-अवस्थाही बदलते. इयन स्पीलमन यांच्या गटाने २०११ मध्ये रुबिडियमवर हा प्रयोग साधला. २०१२ मध्ये चीनमधील शान्शी विद्यापीठ व एमआयटी यांनी तो फर्मिऑन अणूंवर केला.

याच सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जयंत व्यासनकेरे आणि विजय शेणॉय यांनी सैद्धांतिक मांडणी केली. एरवी मोकळ्या अवकाशात दोन अणूंची जोडी जमण्यास आकर्षण ठरावीक मर्यादेपलीकडे असावे लागते. युग्मन तिन्ही दिशांना सारखे असेल, तर कितीही क्षीण आकर्षणात जोडी जमते, असे त्यांनी दाखविले. युग्मन प्रबळ झाले, की जोडीचे स्वरूप आकर्षण नव्हे, तर युग्मनच ठरविते. भौतिकशास्त्रज्ञ इमॅन्युएल रॅशबा यांच्या नावावरून या जोडीला 'रॅशबॉन' हे नाव मिळाले. आकर्षण न वाढविताही दुबळ्या अतिप्रवाहितेकडून भक्कम संघननाकडे जाता येईल, हा या मांडणीचा गाभा होय.

अडसर उष्णतेचा

प्रत्यक्षात मात्र ज्या लेसरने युग्मन घडते, तोच लेसर अणूंना तापवितो. पोटॅशियम आणि लिथियमबाबत ही अडचण विशेष जाणवते. शून्यापेक्षा अब्जांश अंशांनी अधिक असलेल्या निरपेक्ष तापमानावर नाजूक जोड्या टिकविणे त्यामुळे कठीण होते. हा अडसर दूर झाल्यास विशिष्ट प्रकारची, 'टोपोलॉजिकल' अतिप्रवाहिता साधता येईल, अशी आशा आहे. तिच्यातील अवस्था बाह्य व्यत्ययांना सहजी बळी पडत नाहीत, असे सिद्धांत सांगतो. क्वांटम संगणकातील चुका रोखण्यास त्यांचा उपयोग होऊ शकेल.

महाराष्ट्रातही या क्षेत्राची पायाभरणी झाली आहे. पुण्याच्या 'आयसर' संस्थेत अतिशीत अणूंवर प्रयोग होतात. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन व मापन केंद्राची जबाबदारी मुंबईच्या आयआयटीकडे आली आहे. कागदावरचा 'रॅशबॉन' प्रयोगशाळेत अवतरण्यासाठी अशाच अणू थंड राखण्याच्या कौशल्याची गरज आहे.