व्ही आधी की सी?

२००२ मध्ये गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक मिळू लागले. पेडणे-डिचोलीच्या कित्येक वाड्यांवर यंत्र पहिल्यांदाच घरात आले. पुढे मी डिचोलीत दुरुस्तीला बसलो. ‘बाब, मशीन चलना,’ म्हणत पेडण्याहून लोक कदंब बसने सीपीयू मांडीवर घेऊन येत.

मी आधी टास्क मॅनेजर उघडायचो. विंडोज एक्सपीत ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची स्वतःची प्रक्रिया एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी दिसे, ती खरी. पेनड्राइव्हमधून शिरलेला विषाणू मात्र ‘एससीव्हीहोस्ट’ असे नाव घेई. दोनच अक्षरांची अदलाबदल! खरी प्रक्रिया सिस्टिमच्या किंवा सर्व्हिसच्या खात्यावर चाले, तोतया संगणक वापरणाऱ्या मुलाच्याच खात्यावर. टास्क मॅनेजरमधला खात्याच्या नावाचा रकाना वाचायला मी प्रत्येक पोराला शिकवले. सरसकट फॉरमॅट मारणे मला कधीच पटले नाही. त्यात मुलांचे प्रकल्प जात.

२०१३ मध्ये खऱ्यानेच छळले. जुन्या अपडेटांची लांबलेली साखळी तपासताना एसव्हीसीहोस्ट प्रोसेसर शंभर टक्के खाई. ऑटोमॅटिक अपडेट थांबवले की पंखा शांत होई.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट बंद केले. त्या दिवशीही माझ्या टेबलावर पेडण्याचा एक सीपीयू उघडा होता.