पहिल्यांदाच रोल-प्लेइंग गेम खेळताय? तयार अ‍ॅडव्हेंचर कसं निवडायचं?

'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकताना दिसतात. तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. सिरीज बघून अनेकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पडतो, "आपण पण खेळूया का?" सगळे हो म्हणतात. कुणीतरी सगळ्यात गाजलेलं, जाडजूड पुस्तक मागवतं. पहिल्या बैठकीत दोन तास पात्रं तयार करण्यातच जातात. दुसरी बैठक कधी होतच नाही.

पिंपरी-चिंचवडमध्ये तर ही शक्यता आणखी जास्त. भोसरी-चिंचवड एमआयडीसीतल्या अनेक कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना शनिवार-रविवार. चाकणच्या प्लांटमध्ये असलेल्याची शिफ्ट बदलत राहते. पाच जण एकदा जमले तर तेच नशीब. म्हणून पहिलं अ‍ॅडव्हेंचर निवडताना 'सगळ्यात भारी कोणतं?' हा प्रश्न कामाचा नाही. 'आपल्याला मिळालेल्या एका संध्याकाळीत कोणतं पूर्ण होईल?' हा प्रश्न कामाचा आहे.

तयार अ‍ॅडव्हेंचर म्हणजे काय?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये एक जण गेम मास्टर असतो. तो जग आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करेल ते बोलून ठरवतात. जमलं की फसलं, हे फासे सांगतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत आला आणि या प्रकाराची सुरुवात झाली.

गोष्ट गेम मास्टर स्वतः रचू शकतो. पण नवख्याला ते जड जातं. म्हणून नकाशे, शत्रू, गावकरी, कोडी असं सगळं लिहून छापलेलं मिळतं. तेच तयार अ‍ॅडव्हेंचर. ते फक्त गेम मास्टरने वाचायचं. खेळाडूंनी आधी वाचलं तर मजा गेली.

निवडण्याआधी कोणते चार प्रश्न विचारायचे?

१. एका बैठकीत संपतं का? तीन-चार तासांत संपणाऱ्या अ‍ॅडव्हेंचरला 'वन-शॉट' म्हणतात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोष्टीला 'कॅम्पेन'. सुरुवात वन-शॉटने करा. आवडलं तर कॅम्पेन आहेच.

२. पात्रं तयार मिळतात का? तयार पात्रं असतील तर चहा होईपर्यंत खेळ सुरू होतो. नसतील तर गेम मास्टरने ती आदल्या दिवशी बनवून ठेवावीत.

३. कोणत्या लेव्हलसाठी आहे? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्रांची लेव्हल १ ते २० असते. लेव्हल वाढली की लक्षात ठेवायच्या गोष्टीही वाढतात. नवख्यांसाठी १ ते ३ पुरे.

४. पहिलं काम स्पष्ट आहे का? "तुम्ही एका मोठ्या शहरात आहात, काय कराल?" असं विचारलं की नवीन खेळाडू एकमेकांकडे बघत बसतात. "गाडी या गावी पोहोचवायची आहे आणि वाटेत दोन मेलेले घोडे पडलेत" म्हटलं की लगेच बोलायला लागतात.

मग कोणतं घ्यायचं?

हनी हाइस्ट: ग्रँट हॉविट यांचा हा अख्खा खेळ एका पानावर मावतो. तुम्ही सगळे अस्वल आहात आणि मधाच्या प्रदर्शनातून मध चोरायचा आहे. प्रत्येकाचे गुण दोनच: अस्वलपणा आणि गुन्हेगारी. लुडोचा साधा फासा चालतो. गंभीर नाटक करायला लाजणाऱ्या मंडळींसाठी उत्तम. हसण्यात लाज निघून जाते.

द हाँटिंग: हे 'कॉल ऑफ कथुलू' या १९८१ पासूनच्या भयकथांच्या खेळातलं अ‍ॅडव्हेंचर. प्राथमिक नियमांच्या पुस्तिकेसोबत ते ऑनलाइन मोफत मिळतं. बोस्टनमधल्या एका घरात भाडेकरू टिकत नाहीत, म्हणून घरमालक तुम्हाला शोध घ्यायला सांगतो. फाशांचं गणित सोपं आहे. 'ग्रंथालयात शोधणे' हे कौशल्य ६० असेल, तर १ ते १०० मधला आकडा ६० किंवा कमी आला की जमलं. एका संध्याकाळीत आटोपतं. मात्र पात्र मरू शकतं किंवा भ्रमिष्ट होऊ शकतं, हे सगळ्यांना आधीच सांगा. भीतीदायक गोष्टी नको असणाऱ्यालाही आधीच विचारा.

लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर: २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं हे अ‍ॅडव्हेंचर नवख्यांना सर्रास सुचवलं जातं. सोबत पाच तयार पात्रं आहेत आणि सुरुवात अगदी स्पष्ट आहे. पण ते लेव्हल १ पासून ५ पर्यंत जातं, म्हणजे अनेक बैठका लागतात. वेळ नसेल तर फक्त पहिला भाग, गुहेपर्यंतचा, वन-शॉट म्हणून खेळा.

गेम मास्टरसाठी एक सूचना (खेळाडूंनी पुढचा परिच्छेद सोडावा).

पहिल्याच झटापटीत चार गॉब्लिन लपून हल्ला करतात. लेव्हल १ ची पात्रं एक-दोन फटक्यांत आडवी होतात. नवख्यांसमोर दोनच गॉब्लिन ठेवा. सगळे हरलेच, तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून सामान लुटून नेतात, अशी सोय पुस्तकातच आहे. ती वापरा. पहिल्या अर्ध्या तासात ज्याचं पात्र मेलं, तो उरलेली संध्याकाळ मोबाइल बघत बसतो.

सॉल्टेड लेगसी: २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहातल्या १३ अ‍ॅडव्हेंचरपैकी पहिलं. लेव्हल १ साठी. रात्रीच्या बाजारातल्या दोन व्यापारी कुटुंबांचं वैर हा विषय. मारामारी कमी, बाजारातल्या स्पर्धा आणि बोलणं जास्त. तयार पात्रं मात्र स्वतः करावी लागतील.

कोणती टाळायची?

याच संग्रहात मूळच्या कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांचं 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' आहे. बंगालच्या संस्कृतीवरून सुचलेलं, म्हणून आपल्याला लगेच जवळचं वाटेल. पण ते लेव्हल ९ साठी आहे. सध्या बाजूला ठेवा.

'कर्स ऑफ स्त्राद' (२०१६) प्रचंड गाजलेलं आहे, पण ते लेव्हल १ ते १० चं लांबलचक कॅम्पेन आहे. गायगॅक्स यांचं 'टूम ऑफ हॉरर्स' (१९७८) तर पात्रं मारण्यासाठीच कुप्रसिद्ध आहे.

इंग्रजीचं काय?

पुस्तक इंग्रजीत असलं तरी खेळ मराठीत चालतो. पुस्तकात चौकटीत दिलेले उतारे इंग्रजीतून वाचून दाखवू नका. स्वतः वाचा, समजून घ्या आणि आपल्या शब्दांत सांगा. नावं बदलली तरी बिघडत नाही.

'द हाँटिंग' तर सहज इकडे आणता येतं. बोस्टनच्या घराऐवजी गावठाणातला जुना वाडा घ्या. मूळ गोष्टीत शोध वर्तमानपत्राची कचेरी, ग्रंथालय आणि सरकारी दप्तरातून पुढे जातो. आपल्याकडे पेपरच्या जुन्या फायली, सार्वजनिक वाचनालय आणि सिटी सर्व्हेचं ऑफिस आहेच. "साहेब जेवायला गेलेत, तीननंतर या" हे वाक्य गेम मास्टरने टाकलं की टेबलावरचा प्रत्येक जण आपापल्या परीने उपाय सुचवतो. रोल-प्लेइंग म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही.

पहिल्या दिवशी काय लक्षात ठेवायचं?

- गेम मास्टरने अ‍ॅडव्हेंचर आधी दोनदा वाचावं.
- चार खेळाडू पुरे. सहा झाले की प्रत्येकाची पाळी यायला वेळ लागतो.
- नियम अडला तर जागेवर निर्णय द्या, पुस्तक नंतर उघडा.
- संपायची वेळ आधी ठरवा. कुणाची सकाळी फर्स्ट शिफ्ट असेल, कंपनीची बस गाठायची असेल, तर तासभर आधीच गोष्ट शेवटाकडे वळवा. मधली एखादी खोली, एखादी लढाई गाळली तर खेळाडूंना कळतही नाही.

अर्धवट राहिलेली मोठी गोष्ट पुढच्या वेळी कुणाला धड आठवत नाही. पूर्ण झालेली छोटी गोष्ट मात्र सगळे एकमेकांना सांगत राहतात. तसं झालं की पुढचा गुरुवार की रविवार, हे ग्रुपवर आपोआप ठरतं.