उघाडी

माझ्या आजीचं माहेर पेणजवळच्या खारपट्ट्यातलं. लग्न होऊन कुर्ल्याला आली, तरी तिथल्या नाल्याकडे ती खाडीकाठच्या शेतकऱ्याच्याच नजरेनं बघायची. पाऊस किती, यापेक्षा आज तिथी कोणती हे आधी. अमावास्या-पुनवेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, की तांदळाचा डबा माळ्यावर जायचा.

माहेरच्या बांधाला उघाडी होती, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्यानं ती उघडायची. भरती चढली की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करायचं. “पण तोवर पावसाच्या पाण्यानं थांबायचं कुठं?” आजी विचारायची आणि स्वतःच सांगायची, “शेतात.”

कुर्ला-माहीमच्या मधे पाणी थोपवायचं हे काम खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, करायची. विहार-पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन आलेली मिठी तिथं पसरायची. आमच्या चाळीतले म्हातारे तिथल्या चिंबोऱ्या-निवट्यांच्या गोष्टी रंगवून सांगत. पुढं भराव पडला, वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. विमानतळापाशी नदीला काटकोनात वळवलं. काठाला वस्ती दाटली. दोष वस्तीलाच दिला जातो. पण खाजण बुजवणारे मोठे भराव गरिबांनी घातलेले नाहीत.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. शहराची गटारं बांधलेली तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबानं, तीही ओहोटी असेल तर. त्या दुपारी भरती होती. गटारांची ही क्षमता दुप्पट करा, असं मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं १९९३ मध्येच सांगितलं होतं. आमच्या चाळीचा तळमजला बुडाला. थकलेल्या आजीनं माळ्यावरून एवढंच विचारलं, “भरती कधी उतरणार?” खाली कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

नंतर मिठी रुंद केली, काठाला भिंती बांधल्या. हाजी अली, इर्ला इथं पंपिंग स्टेशनं आली: भरतीला दारं बंद, आणि आतलं पाणी पंपानं समुद्रात. आजीची उघाडीच ही, मोटार लावलेली. ती हवीच होती. सखल हिंदमाता भागात तुंबणारं पाणी थोपवून धरायला तर दादर-परळच्या मैदानांखाली टाक्याही बांधल्या.

कुर्ला-कलिन्यासाठी अशी टाकी निसर्गानं आधीच दिली होती. तिच्यातलं जे तिवरांचं खाजण माहीमच्या खाडीशी अजून शिल्लक आहे, तिथं यापुढं मातीची एकही गाडी रिकामी होता कामा नये.