रेशमांत विणलेला गालीलचा समुद्र

सोलापूरच्या रहिवाशास ताणा, बाणा आणि धोटा हे शब्द समजावून सांगावे लागत नाहींत. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागांनीं या शहराचें नांव दूरवर नेलें. अशा शहरांतील ख्रिस्ती मंडळीच्या ज्युबिली अंकांत एका विणीव चित्राचा इतिहास अप्रस्तुत ठरणार नाहीं, अशा समजुतीनें आम्ही हा अल्प लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

रोम येथील सिस्टाइन देवालयाचें छत मायकेलअँजेलोनें १५१२ सालीं रंगवून पुरें केलें. पुढें तेथील भिंतींच्या खालच्या भागावर टांगण्याकरितां पोप दहावे लिओ यांनीं राफाएल या चित्रकाराकडून संत पेत्र व संत पौल यांच्या चरित्रांतील दहा प्रसंगांचे नमुने काढविले. त्यांतील एक सागरी देखाव्याचा आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांतील तो प्रसंग वाचकांस ठाऊकच आहे. कोळ्यांनीं रात्रभर कष्ट केले, हातीं कांहीं लागलें नाहीं. प्रभूच्या शब्दावरून त्यांनीं पुन्हां जाळें सोडलें, आणि दोन्ही मचवे माशांच्या भारानें बुडूं लागले. चित्रांत प्रभु येशू मचव्यांत शांतपणें बसले आहेत. पेत्र त्यांच्यापुढें गुडघे टेकून आहे, त्याच्या मागें आंद्रेय हात पसरून उभा आहे, आणि दुसऱ्या मचव्यांत याकोब व योहान वांकून जाळें ओढीत आहेत. अलीकडच्या कांठावर करकोचे उभे आहेत.

हे नमुने कागदावर रंगविलेले होते. ते ब्रुसेल्स शहरीं पीटर व्हान आल्स्ट यांच्या कारखान्यांत गेले. तेथें त्यांच्या उभ्या पट्ट्या कापून त्या मागावरील ताण्याखालीं ठेवण्यांत आल्या, व त्या पाहून विणकरांनीं लोकर, रेशीम आणि कलाबतू यांनीं चित्र भरलें. या कामांत विणकराच्या डोळ्यांपुढें कापडाची उलटी बाजू असते. त्यामुळें सुलट बाजूस चित्र आरशांतल्याप्रमाणें फिरतें. हें जाणूनच राफाएलनें आपले नमुने उलटे काढले होते. मागावर असेपर्यंत संपूर्ण चित्र विणकरास दिसत नाहीं. त्याच्यापुढें असतात त्या दोऱ्यांच्या गांठी आणि लोंबणारीं टोकें.

१५१९ च्या २६ डिसेंबरला, संत स्तेफनच्या सणादिवशीं, सात पट देवालयांत प्रथम टांगले गेले. मेणबत्त्यांच्या उजेडांत कलाबतूचें तेज उठावें, अशीच त्यांची घडण आहे. त्या काळच्या एका टिपणाप्रमाणें, प्रत्येक नमुन्यास चित्रकाराला १०० डुकाट मिळाले, तर प्रत्येक पटाच्या विणकामास १,५०० डुकाट लागले. पुढें चार महिन्यांच्या आंतच राफाएल वारला.

पटांनीं पुढें पुष्कळ हाल सोसले. १५२७ च्या लुटींत ते रोमाबाहेर गेले व कालांतरानें परत आले; १७९८ सालीं फ्रेंचांच्या हातीं सांपडून विकले गेले व १८०८ मध्यें पुन्हां पोपमहाशयांकडे आले. २०२० च्या फेब्रुवारींत, राफाएलच्या मृत्यूस पांचशें वर्षें होत असतां, ते एका आठवड्यासाठीं आपल्या मूळच्या भिंतींवर झळकले. कागदी नमुन्यांपैकीं सात इंग्लंडांत आहेत. राजपुत्र चार्ल्स यानें ते १६२३ सालीं विकत घेतले. मासे धरण्याच्या नमुन्यांत प्रभूच्या झग्याचा तांबूस रंग कालौघांत उडाला व झगा पांढरा दिसूं लागला. परंतु पाण्यांतील त्याच्या प्रतिबिंबांत ती लाली अजून टिकून आहे.

चित्र कापडावर उतरविण्याची ही विद्या पुढें यंत्राच्या साह्यानें सुलभ झाली. फ्रान्समधील लियों शहरच्या जॅकार्डनें १८०४ च्या सुमारास भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं चालणारा माग सिद्ध केला. १८३९ मध्यें त्याचीच तसबीर रेशमांत विणली गेली. तिला सुमारें २४,००० पुठ्ठे लागले. तोच जॅकार्ड आपल्या सोलापुरी चादरीवर नक्षी उठवितो, आणि येथील कुशल विणकर भिंतीवर लावावयाच्या पटांत थोर पुरुषांच्या तसबिरीही विणतात.

आतां आम्हांस जें सांगावयाचें आहे तें इतकेंच. राफाएलचें नांव जगास ठाऊक आहे, कारखानदाराचेंही नांव उरलें आहे. पण ज्यांनीं प्रभूचा चेहरा दोऱ्या-दोऱ्यानें भरला, त्या कारागिरांस कोण ओळखतें? धर्मग्रामाच्या इतिहासाचेंही असेंच होतें. धर्मगुरूंचीं व देणगीदारांचीं नांवें संगमरवरावर कोरलीं जातात. रात्रपाळी करून सकाळीं मिस्सेस येणारा कामगार, मुलांस क्रुसाची खूण शिकविणारी माउली, गिरणीचा भोंगा कायमचा थांबल्यावरही श्रद्धा न सोडणारें कुटुंब, हीं सर्व पटाच्या उलट्या बाजूस बसलेलीं माणसें होत. त्यांस संपूर्ण चित्र पाहावयास मिळालें नाहीं.

म्हणून आमची वाचकांस नम्र विनंति आहे, कीं हा अंक मिटण्यापूर्वीं प्रत्येक घरानें आपल्या आजी-आजोबांचें नांव, त्यांचें मूळ गांव व त्यांचा धंदा एका वहींत लिहून ठेवावा. वडीलधारी माणसें हयात आहेत तोंवरच हें काम होणें शक्य आहे. रात्रभर राबून रित्या हातांनीं परतलेल्यांच्याच मचव्यांत प्रभु बसले होते, हें त्या रेशमी पटानें पांचशें वर्षें सांगितलें आहे. आपणही तें विसरूं नये.