चेतवणे की चिथावणे? एका शब्दाचा न्यायालयीन इतिहास

दुसऱ्याच्या मनात प्रतिक्रिया उठवण्याच्या क्रियेला मराठीत अनेक नावे आहेत आणि प्रत्येक नावात बोलणाऱ्याचा निवाडा आधीच दडलेला असतो. गप्प बसलेल्याला आपण डिवचतो, शेजाऱ्याची कुरापत काढतो, नको म्हणणाऱ्याला भरीस घालतो. पडद्याआडून कोणी फूस लावतो, कोणी काडी टाकतो, तर कोणी आगीत तेल ओततो. चिथावणे या शब्दात चिथावणाऱ्याचा हेतू वाईट ठरलेलाच असतो. चेतवणे मात्र विस्तवाचे आहे. चूल चेतवावी तसा स्वाभिमान चेतवावा, असे आपण निःसंकोच म्हणतो.

संस्कृतातून आलेल्या शब्दांचीही अशीच विभागणी झाली आहे. क्षोभ म्हणजे खळबळ. त्यावरून प्रक्षोभक हा शब्द आला आणि तो भाषणाला लागला की दूषणच होतो. उत्तेजनाच्या मुळाशी धार लावण्याचा अर्थ असलेला तिज् हा धातू आहे. मराठीत उत्तेजन बहुधा चांगलेच असते. शाळेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला भरवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या बांधवांना मात्र हिंदीतील उत्तेजना वेगळी भेटते. ती खळबळीच्या आणि भडकण्याच्या अंगाने जाते. बडोद्याच्या गुजरातीत उत्तेजन मराठीसारखेच प्रोत्साहनाचे असून भडकवण्यासाठी तेथे उश्केरवुं हे निराळे क्रियापद आहे. बेळगावात कानावर येणारा कन्नड शब्द प्रचोदने असा आहे. गायत्री मंत्राचा शेवट ज्या धातूच्या रूपाने होतो, त्याच चुद् धातूपासून तो आला. मंत्रात तो बुद्धीला प्रेरणा देतो. प्रचोदनकारी भाषण म्हटले की मात्र तो आरोप होतो.

म्हणजे एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना कोणता प्रतिशब्द निवडला, यावर वक्त्याची निर्दोषता अवलंबून राहू शकते. ही केवळ कोशातली चर्चा नव्हे. लोकमान्य टिळकांवरील तीन खटले याची साक्ष देतात.

1897 साली केसरीतील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. राजद्रोहाच्या कलमातील मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला प्रीतीचा अभाव असा सांगितला. सरकारविषयी प्रेम न वाटणे आणि सरकारविरुद्ध चिथावणे यांतील अंतरच त्या व्याख्येने पुसले गेले. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, सरकारने राजद्रोहाचे कलम नव्या शब्दांत मांडले. प्रजेच्या वर्गावर्गांत वैर वाढवण्याविषयीचे 153 अ हे कलमही दंडसंहितेत तेव्हाच आले.

1908 च्या खटल्यात वाद थेट भाषांतरावर आला. लेख मराठी होते, परंतु न्यायालयापुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे होती. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि भाषांतराने मूळ लेखांचा विपर्यास झाल्याचे आग्रहाने मांडले. बचावाचे भाषण त्यांनी स्वतःच केले आणि ते एकवीस तासांहून अधिक चालले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली.

तिसरे प्रकरण आपल्या सीमाभागातच घडले. 1916 च्या एप्रिलअखेरीस बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली आणि 1 मे रोजी टिळकांनी तेथे स्वराज्यावर भाषण केले. ते भाषण आणि त्यानंतरची अहमदनगरची दोन भाषणे आक्षेपार्ह मानून, वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जीना यांनी टिळकांची बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी 9 नोव्हेंबर 1916 रोजी तो हुकूम रद्द केला. सुटा शब्द किंवा एखादे कडक वाक्य उचलून निर्णय करू नये, भाषण समग्र आणि उदार दृष्टीने वाचावे, ही त्या निकालातील भूमिका होती.

बेळगावच्या भूमीवर बोललेल्या मराठीला मिळालेला हा न्याय सीमाबांधवांनी विसरू नये. 1 नोव्हेंबर 1956 पासून हा मुलूख दुसऱ्या राज्यात आहे. आपली भाषणे, फलक, निवेदने मराठीत लिहिली जातात आणि पुष्कळदा त्यांची पारख दुसऱ्या भाषेतून होते. नव्या भारतीय न्याय संहितेच्या 196 व्या कलमातही ज्या कारणांवरून वैर वाढवणे गुन्हा ठरते, त्यांत भाषेचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा वेळी आमच्या चेतवण्याचे भाषांतर चिथावणे असे झाले, तर दोष शब्दाचा नसून माथी मात्र आमच्या येईल.

यावर उपाय आपल्याही हाती आहेत. राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदानुसार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. निवेदन मराठीत द्यावे आणि सोबत आपले स्वतःचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे. ज्या शब्दाचे दोन अर्थ होऊ शकतात, त्याचा अभिप्रेत अर्थ तेथेच लिहावा. सभेतील भाषणाची संपूर्ण नोंद ठेवावी, कारण समग्र वाचनाची मागणी करायची तर समग्र भाषण आपल्यापाशी असले पाहिजे.

आणि व्यासपीठावर उभे राहताना आम्हीही हा भेद पाळला पाहिजे. कन्नड शेजाऱ्याला डिवचून टाळ्या मिळवणे सोपे असते, पण त्याने मराठी शाळेचा एक वर्गही वाचत नाही. आपल्या हक्काविषयी आपल्याच माणसांचे मन चेतवणे हे आमचे काम आहे, आणि ते करताना चिथावणीचा आरोप टिकेल असा एकही शब्द आमच्या तोंडून जाता कामा नये.