तीन तासांचा चित्रपट एका डीव्हीडीत कसा मावला?

१/१४
डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट माहिती मावते. दूरचित्रवाणीच्या दर्जाचे चित्र (७२० × ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ चौकटी) काहीही न गाळता साठवायचे, तर दर सेकंदाला सुमारे १५.५ मेगाबाइट लागतात. या हिशेबाने ती तबकडी पाच मिनिटांतच भरते. तरीही जगाने तिच्यावर दोन-अडीच तासांचे चित्रपट पाहिले. हे कसे साधले, त्याचा हा इतिहास.

२/१४
या इतिहासाचा आरंभ तबकडीच्या वीस वर्षे आधी, गणितात झाला. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करीत होते. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या एका कल्पनेवरील संशोधनासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले, पण काम थांबले नाही. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजेच डीसीटी, जगापुढे मांडले.

३/१४
डीसीटी स्वतः काहीच फेकून देत नाही. ते चित्राची फेरमांडणी करते. ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनातील ६४ मूल्यांऐवजी ६४ नवी मूल्ये मिळतात. पहिली काही मूल्ये ठळक छटा सांगतात आणि उरलेली बारीक तपशील. बहुतेक चौकोनांत सारा भार पहिल्या मोजक्या मूल्यांवरच असतो. मानवी डोळा बारीक तपशिलातील चुकांकडे सहज दुर्लक्ष करतो. म्हणून ती मूल्ये ढोबळ करायची किंवा शून्य धरायची. खरी बचत इथे होते, आणि खरे नुकसानही इथेच होते.

४/१४
१९८८ मध्ये लिओनार्दो क्यारिल्योने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग हा तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याने डीसीटीला काळाची जोड दिली. लागोपाठच्या दोन चौकटींत बदल थोडाच असतो. मग प्रत्येक चौकट नव्याने का साठवावी? सुमारे अर्ध्या सेकंदाने एक पूर्ण चौकट ठेवायची. मधल्या चौकटींसाठी कोणता भाग कुठे सरकला आणि काय बदलले, एवढेच नोंदवायचे.

५/१४
या विचाराचे घराघरांत पोचलेले पहिले फळ म्हणजे १९९३ ची व्हिडिओ सीडी. तिच्यावर सुमारे ७४ मिनिटे मावत. भारतात व्हीसीडीचा प्रसार मोठा झाला, पण चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागून येई. ऐन रंगात आलेल्या प्रसंगी उठून तबकडी बदलणे हा पाहण्याचाच भाग झाला होता. चित्रही ३५२ × २८८ पिक्सेलचे. धावपळीच्या दृश्यात त्याचे चौकोन उघड दिसत.

६/१४
हॉलिवूडला हे मान्य नव्हते. १९९४ मध्ये तेथील स्टुडिओंनी अट घातली: एका बाजूवर १३५ मिनिटे, आणि दर्जा व्हीएचएसच नव्हे, तर लेझरडिस्कपेक्षाही सरस. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी चित्रपटांना तेवढा वेळ पुरत होता. तबकडीच्या क्षमतेचा आकडा अभियंत्यांच्या मर्जीने नव्हे, तर चित्रपटांच्या लांबीवरून ठरू लागला.

७/१४
उत्तरे दोन आली आणि ती परस्परविरोधी होती. फिलिप्स-सोनी यांची एमएमसीडी एका थरावर ३.७ गिगाबाइट देत होती. तोशिबा आणि टाइम वॉर्नर यांच्या गटाची एसडी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवून एका बाजूवर ५ गिगाबाइट. व्हीएचएस-बीटामॅक्स संघर्षाची पुनरावृत्ती होणार, असे दिसू लागले. तेव्हा आयबीएमसह संगणक कंपन्यांच्या गटाने बजावले की मानक एकच हवे.

८/१४
१९९५ च्या अखेरीस समेट झाला. रचना एसडीची, तर बिट नोंदवण्याची सांकेतिक पद्धत फिलिप्स-सोनी गटाची. ही पद्धत ओरखडे व बोटांचे ठसे अधिक सोसणारी, पण थोडी जास्त जागा खाणारी होती. म्हणून ५ चे ४.७ गिगाबाइट झाले. टिकाऊपणासाठी मोजलेली ही किंमत. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली.

९/१४
सीडीच्याच आकारात सातपट माहिती कशी बसली? लेझरची तरंगलांबी ७८० वरून ६५० नॅनोमीटरवर आणि सर्पिल मार्गाच्या फेऱ्यांमधील अंतर १.६ वरून ०.७४ मायक्रोमीटरवर आले. शिवाय अर्धपारदर्शक दुसरा थर घालून एकाच बाजूवर ८.५ गिगाबाइट मिळवता येऊ लागले. थर बदलताना काही प्लेअरवर चित्र क्षणभर थबके, ते यामुळेच.

१०/१४
सर्वांत मोलाची युक्ती मात्र वाटपाची होती. व्हीसीडीत प्रत्येक सेकंदाला सारखेच बिट मिळत. डीव्हीडीत हा वाटा बदलता ठेवला. दोन माणसे शांतपणे बोलत असतील तर थोडे बिट पुरतात. पाऊस, गर्दी, उसळते पाणी यांना भरपूर लागतात. म्हणून संगणक चित्रपट दोनदा तपासतो. पहिल्या फेरीत अवघड जागा हेरतो, दुसऱ्या फेरीत सोप्या दृश्यांतून वाचलेले बिट तिकडे वळवतो. काटकसरी गृहिणीने सणासाठी महिनाभर पैसे बाजूला टाकावेत, तसे.

११/१४
आणखी दोन बचती. अमेरिका-जपानमध्ये दूरचित्रवाणी सेकंदाला सुमारे ३० चौकटी दाखवते, पण चित्रपट २४ चौकटींचा. तबकडीवर २४ च ठेवून उरलेल्यांची पुनरावृत्ती प्लेअरवर सोपवली. पाचवा हिस्सा वाचला. दुसरी बचत आवाजाची. असंपीडित स्टिरिओला सेकंदाला १.५ मेगाबिट लागतात, तर सहा वाहिन्यांच्या डॉल्बी डिजिटलला ०.४ च्या आसपास.

१२/१४
या व्यवस्थेची खरी कसोटी भारतीय चित्रपटांनी पाहिली. ‘लगान’ (२००१) २२४ मिनिटांचा आहे. ८.५ गिगाबाइटमध्ये त्याच्या वाट्याला सरासरी सेकंदाला ५ मेगाबिट येतात, ४.७ मध्ये जेमतेम २.८. त्यात असंपीडित आवाज ठेवला तर तो एकटाच अडीच गिगाबाइटवर जागा व्यापेल. १३५ मिनिटांचे माप ज्यांनी आखले, त्यांच्या डोळ्यांसमोर पावणेचार तासांचा चित्रपट नव्हता.

१३/१४
घरी नोंद करता येणाऱ्या तबकड्या २००४ पर्यंत एकाच थराच्या होत्या. त्यामुळे मोठा व्हिडिओ आक्रसून बसवणारी सॉफ्टवेअर लोकप्रिय झाली. ‘डीव्हीडी श्रिंक’ त्यांपैकी एक. ते आधीच ढोबळ झालेली डीसीटी मूल्ये आणखी ढोबळ करी. काम झटपट होई, पण नुकसानावर नुकसान साचे. मूळ चित्रफितीवरून दोन फेऱ्यांत नव्याने संपीडन करणे, अतिरिक्त ध्वनिमार्ग वगळणे, आणि फारच ताण असेल तर आडवे पिक्सेल ७२० ऐवजी ३५२ ठेवणे हे अधिक शहाणपणाचे. किंचित मऊ चित्र डोळ्यांना चालते. फुटलेले चौकोन खुपतात.

१४/१४
म्हणजे ‘दर्जा न गमावता’ हे शब्द कधीच पूर्ण खरे नव्हते. डीव्हीडीने दर्जा राखला नाही. कोणते नुकसान डोळ्याला कळणार नाही, हे तिने ओळखले. पाहणाऱ्यासाठी एवढे पुरेसे आहे, जतन करणाऱ्यासाठी नाही. गाळलेला तपशील कोणत्याही यंत्राने खऱ्या अर्थाने परत येत नाही. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील मूळ रिळांचे मोल म्हणूनच तबकडी आल्यावर घटले नाही. तबकडी चित्रपट घरोघर पोचवते. तो वाचवायचा असेल तर मूळ प्रतच जपावी लागते.