सभानियम

समान कार्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींनी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा व तो सर्वांनी मान्य करावा, यासाठी जे नियम पाळले जातात, त्यांना सभानियम असे म्हणतात. सभेची पूर्वसूचना, कार्यक्रमपत्रिका, गणपूर्ती, एका वेळी एकच विषय व एकच वक्ता, अध्यक्षाचा निःपक्षपातीपणा, मतगणना आणि कार्यवृत्त ही या नियमांची प्रमुख अंगे होत. विधिमंडळे, कंपन्यांची संचालक मंडळे व सहकारी संस्था यांच्या बाबतीत ते बव्हंशी कायद्याने वा उपविधींनी ठरलेले असतात. कचेऱ्या, कारखाने, प्रयोगशाळा इ. ठिकाणच्या नित्याच्या बैठकींत ते संकेतरूपाने पाळले जातात. वेळेची बचत हा या नियमांचा हेतू सामान्यपणे सांगण्यात येतो. तथापि त्यांचा इतिहास पाहता, दुर्बळाचे, अल्पसंख्याचे किंवा अनुपस्थिताचे मत डावलले जाऊ नये, हा हेतू अधिक मूलभूत असल्याचे दिसते.

बौद्ध संघाची पद्धती : सभानियमांची तपशीलवार मांडणी प्राचीन भारतात बौद्ध संघाच्या विनयपिटकात आढळते. संघापुढील विषय प्रथम ‘ञत्ति’ म्हणजे प्रस्ताव या रूपाने मांडला जाई व त्यानंतर ‘कम्मवाचा’ हे त्याचे विधिपूर्वक निवेदन होई. साध्या विषयात ते एकदा, तर महत्त्वाच्या विषयात तीनदा केले जाई. मौन ही संमती समजत. गणपूर्ती कार्याच्या स्वरूपानुसार ठरलेली असे : बहुतेक कार्यांस किमान ४, मध्यदेशात उपसंपदा देण्यास १० आणि विशिष्ट दोषातून मुक्त झालेल्या भिक्षूस पुन्हा संघात घेण्यास २० भिक्षू आवश्यक असत. आजारी भिक्षू आपली संमती दुसऱ्यामार्फत कळवीत असे. तिला ‘छन्द’ म्हणत. एकमत न झाल्यास शलाका वाटून बहुमत अजमावीत. शलाका गोळा करणारा भिक्षू लोभ, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा, अशी अट होती. शलाका गुप्तपणे, कानात सांगून किंवा उघडपणे, अशा तीन रीतींनी घेतल्या जात.

महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशाली येथे भरलेल्या दुसऱ्या संगीतीत या नियमांची कसोटी लागली. वज्जी भिक्षूंच्या दहा आचारांविषयीचा वाद तीपुढे होता. चर्चेला अंत राहिला नाही व कोणाच्याही बोलण्याचा अर्थ स्पष्ट होईना, तेव्हा पूर्वेकडील ४ व पश्चिमेकडील ४ अशा आठ भिक्षूंच्या समितीकडे (‘उब्बाहिका’) विषय सोपविण्यात आला. दहा आचारांपैकी एक खुद्द सभानियमांशी संबंधित होता : अपुऱ्या संघाने निर्णय घ्यावा आणि गैरहजर भिक्षू आल्यावर त्यांची अनुमती मागून घ्यावी, असा तो ‘अनुमतिकल्प’ होय. तो नियमबाह्य ठरविण्यात आला. निर्णय आधी व संमती मागाहून, ही प्रवृत्ती किती जुनी आहे आणि तिचा धोका किती लवकर ओळखला गेला, याची यावरून कल्पना येते.

दक्षिणेतील ग्रामसभा : तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील पहिल्या परांतक चोलाच्या कारकीर्दीतील (९१९ व ९२१) कोरीव लेखांत ग्रामसभेच्या समित्यांविषयीचे नियम आहेत. गावाच्या ३० विभागांतील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रावर लिहून ती घड्यात टाकीत आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढवीत. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिले नाहीत, तो व त्याचे आप्त अपात्र ठरत. समिती नेमतानाच तिच्यावरील वशिल्याची छाया दूर करण्याचा हा प्रयत्न होता.

संसदीय परंपरा : आधुनिक सभानियमांचा मुख्य स्रोत इंग्लंडचे कॉमन्स सभागृह होय. त्याच्या कामकाजाची नोंदवही १५४७ पासून ठेवली जाऊ लागली. १६०४ मध्ये विषय सोडून बोलणाऱ्यास सभापतीने थांबवावे, हे तत्त्व नमूद झाले. १६४१ मध्ये गणपूर्ती ४० ठरली. सभापती आर्थर ऑन्स्लो (कार. १७२८–६१) यांचे असे मत होते, की ठरलेल्या कार्यपद्धतीपासून ढळणे म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या हाती मोकळीक देणे होय; अल्पमताचा आसरा नियमांतच असतो. टॉमस जेफर्सन यांनी अमेरिकन सिनेटसाठी तयार केलेल्या मार्गदर्शिकेत (१८०१) हा विचार आरंभीच मांडला आहे.

विधिमंडळाबाहेरील संस्थांसाठी हे नियम सुलभ करण्याचे श्रेय अमेरिकन सैन्यातील अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट यांना दिले जाते. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड येथील एका सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अचानक आले आणि नियमांची माहिती नसल्याने ती सभा त्यांना आवरता आली नाही. त्या अनुभवातून त्यांनी अभ्यास केला व १८७६ मध्ये नियमांची पुस्तिका प्रसिद्ध केली. लहान मंडळांच्या बैठकींत औपचारिकता शिथिल करता येते, हेही या परंपरेत मान्य झाले आहे. याउलट क्वेकर पंथाच्या सभांत मतदान होत नाही; सभेचा कल ओळखून लेखनिक कार्यवृत्त सभेतच लिहितो, वाचून दाखवितो व सर्वांना पटल्यावरच ते कायम होते.

महाराष्ट्र व राष्ट्रीय चळवळ : पुण्याच्या सार्वजनिक सभेने (१८७०) सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे, अशी अट घातली. सभेत बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न येथे नियमाच्या कक्षेत आला. नियमांविषयीच्या विसंवादाचे परिणाम सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात (डिसेंबर १९०७) दिसले. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या सूचनेस अनुमोदन मिळाल्यावर तहकुबीची सूचना मांडण्याची परवानगी लोकमान्य टिळकांनी चिठ्ठी पाठवून मागितली होती. तिची दखल न घेतली गेल्याने ते व्यासपीठावर आले. त्यांची मागणी नियमबाह्य ठरविण्यात आली आणि व्यासपीठावर जोडा भिरकावला जाऊन अधिवेशन गोंधळात उधळले. मतभेद अर्थातच राजकीय व जुने होते. परंतु ते मांडण्याची उभयपक्षी मान्य अशी रीत नसल्याने त्यांची परिणती फुटीत झाली. पुढल्याच वर्षी अलाहाबाद येथे नेमस्तांनी काँग्रेससाठी घटना व नियम तयार केले.

कार्यस्थळावरील बैठकी : कारखान्यांत व कचेऱ्यांत सभानियमांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. विधिमंडळात सर्व सभासद समान दर्जाचे असतात. कार्यस्थळी मात्र अध्यक्ष हा बहुधा इतरांचा वरिष्ठ असतो आणि विरोधी मत देणाऱ्याची बढती वा नोकरी त्याच्या हाती असते. पहिल्या महायुद्धकाळात ब्रिटनमध्ये जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने (१९१७) मालक व कामगार यांच्या संयुक्त परिषदांची शिफारस केली. हेच व्हिटली पुढे कॉमन्सचे सभापती (१९२१–२८) आणि भारतातील कामगारविषयक रॉयल आयोगाचे अध्यक्ष (१९२९–३१) झाले. भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने १०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कार्य समिती स्थापण्याची तरतूद केली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असू नयेत, असे बंधन होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कार्य समितीस स्थान देण्यात आले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर बैठकींच्या मानसशास्त्राचा अभ्यास वाढला. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी विनोदी पद्धतीने दाखवून दिले, की समिती अणुभट्टीचा खर्च काही मिनिटांत संमत करते, पण सायकली ठेवण्याच्या छपरावर दीर्घकाळ वाद घालते. कारण तो विषय सर्वांना समजतो. विषयानुसार वेळ नेमून देण्याच्या प्रथेमागील अडचण यात दिसते. अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये ‘समूहविचार’ ही संकल्पना मांडली : एकोपा टिकविण्याच्या ओढीने सभासद आपल्या शंका गिळून टाकतात. क्यूबावरील १९६१ ची फसलेली स्वारी हे त्यांचे एक उदाहरण होते. पुढील वर्षीच्या क्षेपणास्त्र-पेचप्रसंगात राष्ट्राध्यक्ष केनेडी काही बैठकींना मुद्दाम अनुपस्थित राहिले. वरिष्ठाने आरंभी आपले मत न सांगणे, या आजच्या संकेताचे हे ठळक उदाहरण होय.

नियम मोडल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या दुर्घटनेवरून (२८ जानेवारी १९८६) दिसते. आदल्या रात्री दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीमुळे रबरी कड्या निकामी होतील, या कारणास्तव उड्डाणास विरोध केला. त्यानंतर कंपनीने खाजगी चर्चेसाठी वेळ मागून घेतला; तीत अखेरचा निर्णय चार व्यवस्थापकांनी अभियंत्यांना वगळून घेतला व उड्डाणास संमती कळविली. अभियंत्यांचा आक्षेप उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट होऊन सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाने तांत्रिक दोषाबरोबरच निर्णयप्रक्रियेतील दोषांवरही बोट ठेवले.

मूल्यमापन : कार्यस्थळावरील बैठकीसाठी आज सर्वत्र सुचविले जाणारे नियम थोडे आहेत : बैठकीचा हेतू व विषय आधी कळवावेत, निर्णयाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना बोलवावे, वेळेवर आरंभ व शेवट करावा, एक जण बोलत असता इतरांनी ऐकावे, टीका मतावर करावी, व्यक्तीवर नव्हे, कोणते काम कोणी व केव्हापर्यंत करावयाचे, ते लिहून ठेवावे. या यादीत एक नियम अनेकदा गळतो व तो म्हणजे भिन्नमताची नोंद. भारताच्या २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार संचालक मंडळाच्या कार्यवृत्तात ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावे नमूद करावी लागतात. कनिष्ठ कर्मचाऱ्यास नित्याच्या बैठकीत असे वैधानिक संरक्षण नसते. ते त्याला अध्यक्षाच्या न्यायबुद्धीतून मिळावे लागते. वैशालीच्या भिक्षूंनी अनुपस्थितांची मागाहून अनुमती घेण्याची रीत नाकारली. उपस्थितांचे मौन ही संमती मानण्यापूर्वी त्यांना बोलण्याची संधी खरोखर होती किंवा काय, हे पाहणे तितकेच आवश्यक ठरते.